रक्ताची साक्ष

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसण्याची वेळ बहुधा प्रत्येक कुटुंबावर एकदा तरी येते. पूर्वी घरात कुणी गंभीर आजारी पडले, की डॉक्टर येऊन नाडी पाहत, छातीला नळी लावीत, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहत आणि ओटीवर येऊन काय ते सांगत. पुष्कळदा सांगण्याचीही गरज नसे. त्यांचा चेहराच बोलत असे. आता नातेवाइकांच्या हाती कागद पडतो. त्यावर आकड्यांचे रकाने असतात. आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर तो ठळक छापलेला असतो. वैद्यकाचा गंध नसलेली आपल्यासारखी माणसेही तो ठळक आकडा बोटाने शोधतात आणि त्यात आपल्या माणसाचे भवितव्य वाचू लागतात.

आम्हीही अशा एका बाकावर अकरा दिवस काढले आहेत. त्या दिवसांत जे पाहिले आणि पुढे जिज्ञासेपोटी जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण हे आकडे नुसते कागदावर राहत नाहीत. उपचार चालू ठेवायचे की रुग्णाला घरी न्यायचे, वाडीचा तुकडा विकायचा की दागिने मोडायचे, परदेशी असलेल्या मुलाला बोलवायचे की थांबायचे, असे निर्णय त्यांच्या आधाराने घरोघरी घेतले जातात. ज्या साक्षीवर एवढा मोठा निवाडा द्यायचा, ती साक्ष किती सांगू शकते आणि कुठे मुकी होते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

आजारी होते ते आमचे थोरले बंधू. वय सदुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. ऐन पावसाळ्यात वसईच्या आमच्या वाडीत केळीचा लोंगर उतरवताना कुंपणाच्या गंजक्या पत्र्याने त्यांची पोटरी कापली. त्यांनी जखम धुतली, हळद भरली आणि फडके बांधून ते पुन्हा कामाला लागले. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला, हुडहुडी भरली. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला, तसे घरच्यांना हायसे वाटले; वहिनींना मात्र वाटले नाही. "ह्यांचा श्वास बघा कसा धावतोय," त्या म्हणाल्या. "रात्रीपासून लघवीलाही उठलेले नाहीत. आणि मला नातीच्या नावाने हाका मारताहेत. हे काही ठीक दिसत नाही." त्यांच्या हट्टामुळे दुपारच्या आत बंधूंना रुग्णालयात दाखल केले. तोवर रक्तदाब पार खाली गेला होता. तपासून बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच शब्द उच्चारला, सेप्सिस.

हा शब्द मूळचा ग्रीक; त्याचा अर्थ सडणे, कुजणे. आपल्याकडे जुनी माणसे 'रक्तात विष भिनले' असे म्हणत. आजच्या वैद्यकाने २०१६ साली ठरवलेली व्याख्या ह्याहून थोडी निराळी आहे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होतो, त्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. घरात शिरलेल्या चोराला हुसकावताना घरच्यांनीच भिंती पाडाव्यात, तसा हा प्रकार. साहजिकच डॉक्टरांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: चोर कोण, आणि किती भिंती पडल्या. दुसऱ्या प्रश्नासाठी १९९६ साली युरोपातील तज्ज्ञांनी एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. तिला 'सोफा' म्हणतात. श्वसन, रक्त गोठणे, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि मूत्रपिंड ह्या सहा विषयांना प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण चोवीस. शाळेतल्या गुणपत्रिकेच्या अगदी उलट, येथे गुण जितके अधिक तितका धोका मोठा. पुढे हे वाचताना आम्हांला वहिनींची आठवण झाली. धावणारा श्वास, बंद झालेली लघवी, भरकटलेली शुद्ध. सहांपैकी तीन विषय त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून तपासले होते.

पहिल्या दिवशीच्या कागदावर चार आकडे ठळक होते. लॅक्टेट ४.८, प्रोकॅल्सिटोनिन ४२, क्रिएटिनिन २.६ आणि प्लेटलेट ८८ हजार. शेवटचे दोन शब्द आता घरोघरी परिचयाचे आहेत. मूत्रपिंडाच्या आजाराने एक शिकवला, डेंग्यूने दुसरा. पहिल्या दोहोंची ओळख मात्र करून घेतली पाहिजे.

लॅक्टेट म्हणजे दूध आंबले की त्यात तयार होणाऱ्या आम्लाचेच एक रूप. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले ह्यांनी १७८० साली ते आंबट दुधातून वेगळे केले. माणसाच्या रक्तात ते प्रथम सापडले त्याची कथा करुण आहे. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे योहान योसेफ शेरर नावाचे वैद्य बाळंतपणाच्या काळात दगावलेल्या तरुण स्त्रियांच्या रक्ताची तपासणी करीत होते. १८४३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रीच्या रक्तात हे आम्ल आढळल्याची नोंद आहे. निरोगी माणसाच्या रक्तात त्यांना ते सापडत नसे. बाळंतज्वर हे सेप्सिसचेच एक रूप. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४७ साली, व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस ह्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि त्यांच्या विभागातील बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधील १८.३ टक्क्यांवरून जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. एकाने मृत्यूची खूण शोधली, दुसऱ्याने मृत्यूची वाट अडवली. खूण ओळखणे आणि जीव वाचवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासूनच दिसत आले आहे.

पेशींना प्राणवायू पुरेसा मिळेनासा झाला, की त्या प्राणवायूवाचून शक्ती निर्माण करू लागतात आणि लॅक्टेट साचते. संकटात शरीर ॲड्रिनॅलिन सोडते, त्यानेही ते वाढते. यकृत थकले तर त्याचा निचरा होत नाही. सेप्सिसमध्ये पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागते आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहते, तेव्हा त्या अवस्थेला 'सेप्टिक शॉक' म्हणतात. २०१६ च्या व्याख्येला आधारभूत ठरलेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी शंभरात चाळीसहून अधिक दगावलेले आढळले. आमच्या बंधूंची गणना ह्याच वर्गात झाली.

दुसरी खूण, प्रोकॅल्सिटोनिन, अलीकडची. तिच्या आधीची खूण म्हणजे सी.आर.पी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस ह्या संशोधकांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ती पाहिली. रुग्ण आजाराच्या ऐन भरात असताना ती दिसे आणि तो बरा होऊ लागला की नाहीशी होई, ही त्यांची नोंद आजही मोलाची आहे. प्रोकॅल्सिटोनिनकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वळले ते १९९३ साली. पॅरिसच्या संशोधकांनी संसर्गाची शंका असलेल्या ७९ मुलांचे रक्त तपासले. गंभीर जिवाणुसंसर्ग झालेल्या मुलांत हा पदार्थ फार वाढलेला होता; विषाणूंच्या आजारात तो फारसा वाढला नव्हता. एरवी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत तो किंचित तयार होतो आणि निरोगी रक्तात मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅमइतकाही नसतो. जिवाणूंचा हल्ला झाला की शरीरातील अनेक अवयव तो रक्तात सोडू लागतात. हल्ला थोपला की साधारण दिवसाकाठी तो निम्मा होतो. हा निम्म्याचा हिशेब ध्यानी ठेवावा.

त्या पहिल्या संध्याकाळी कागद पाहून एका नातलगांनी आमच्या पुतण्याला बाजूला घेतले. लॅक्टेट चारच्या वर आणि प्रोकॅल्सिटोनिन चाळीसच्या वर म्हणजे आता उरले काय, उगाच पैसा ओतू नका, शेवटचे क्षण घरच्या माणसांत जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. हेतू वाईट नव्हता. घरातली शिल्लक किती आहे हे त्यांना ठाऊक होते. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. आम्ही त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंना गाठले आणि सरळ विचारले, "बाई, ह्या आकड्यांवरून आशा सोडावी का?"

त्या म्हणाल्या, "काका, तुमचे पेशंट आत आले तेव्हा कुठे उभे होते, एवढेच हा आकडा सांगतो. ते कुठल्या दिशेला निघालेत ते दुसरा आणि तिसरा आकडा सांगेल. जखम आज रात्रीच उघडून साफ करतोय. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

ह्या विषयावर आम्ही पुढे जे काही वाचले, त्याचे सार ह्या उत्तरात आहे. अमेरिकेतील तेरा रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सेप्सिसच्या ज्या रुग्णांचे प्रोकॅल्सिटोनिन चौथ्या दिवसापर्यंत ८० टक्क्यांहून अधिक उतरले, त्यांच्यापैकी अठ्ठावीस दिवसांत दगावले शंभरात दहा. ज्यांचे तेवढे उतरले नाही, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात वीस होते. म्हणजे धोका दुप्पट. हा फरक लहान नाही, आणि डॉक्टर त्याकडे लक्ष देतात ते योग्यच. परंतु हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचून पाहावा. ज्यांची खूण वाईट होती, त्यांच्यातील ऐंशी जण जगले. ज्यांची चांगली होती, त्यांच्यातील दहा जण गेले. रक्ताची साक्ष ही समुदायाविषयीची साक्ष असते. शंभर रुग्णांत काय घडेल ते ती बऱ्यापैकी सांगते. त्या शंभरांत आपला माणूस कोणता, हे सांगण्याची शक्ती तिच्यात नाही.

बंधूंच्या बाबतीत आकडे पुढीलप्रमाणे चालले. लॅक्टेट चार तासांनी ३.९, दुसऱ्या सकाळी २.१. प्रोकॅल्सिटोनिन दुसऱ्या दिवशी ४५ झाले, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा आला. पण ते शिखर होते. त्यानंतर २३, १२ आणि ७. क्रिएटिनिन मात्र ह्या साऱ्या काळात चढतच राहिले आणि दोन वेळा डायलिसिस करावे लागले. एकाच शरीरातील एक खूण सुटकेकडे बोट दाखवीत होती आणि दुसरी संकटाकडे. दोन्ही खऱ्या होत्या. मूत्रपिंडाला बसलेला मार भरून येण्याची गती निराळी, संसर्ग ओसरण्याची निराळी.

त्याच दिवसांत शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांची कन्या रोज सकाळी आम्हांला कागद दाखवी. प्रोकॅल्सिटोनिन उतरत होते, लॅक्टेट दोनच्या खाली आले होते. ती माउली घरी फोन करून सांगत असे, "बाबा आता सुटले." सहाव्या दिवशी पहाटे त्यांचे हृदय थांबले. ती मुलगी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. तिला कुणी खोटे सांगितले नव्हते. संसर्ग खरोखरच हटत होता. वडिलांच्या जुन्या, थकलेल्या हृदयाविषयी त्या दोन रकान्यांत काही लिहिलेलेच नव्हते.

अशा प्रसंगांमुळेच संशोधक अधिक चांगल्या खुणेच्या शोधात असतात. २०१० साली एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासल्या गेलेल्या १७८ खुणा मोजल्या गेल्या. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्या २५८ झाल्या होत्या. त्यांतील एकही एकटीच्या बळावर निर्वाळा देऊ शकत नाही. शिवाय एकाच आकड्याची कारणे अनेक असतात. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, तीव्र मलेरिया ह्यांनीही प्रोकॅल्सिटोनिन चढते; मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेही माणसाच्या रक्तात मेटफॉर्मिनच्या गोळीमुळेही लॅक्टेट साचू शकते. नुसते आकड्यामागे धावल्याने काय होते, तेही पाहिले गेले आहे. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांच्या बाबतीत प्रोकॅल्सिटोनिन चढलेले दिसले की लगेच अधिक जोरकस प्रतिजैविके आणि अधिक तपासण्या, असे ठरले होते. त्या गटात ३१.५ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३२ टक्के. लाभ काही झाला नाही. उलट त्या रुग्णांचे दिवस कृत्रिम श्वासावर अधिक गेले.

दुसरा एक प्रयोग आम्हांला विशेष भावला. लॅटिन अमेरिकेतील पाच देशांत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांवर तो झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचे उपचार लॅक्टेटच्या आकड्यावर बेतले होते. दुसऱ्या गटात डॉक्टर काचेच्या पट्टीने रुग्णाच्या तर्जनीचे टोक दहा सेकंद दाबून ठेवीत आणि सोडल्यावर पांढरे पडलेले बोट पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते पाहत. तीन सेकंदांहून अधिक लागले तर रक्ताभिसरण अपुरे. लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के मृत्यू, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. हा फरक शास्त्राच्या काटेकोर कसोटीला किंचित कमी पडला, म्हणून त्यावरून विजयाची घोषणा करता येत नाही. तरी पैशावाचून होणारी, खाटेपाशी उभे राहूनच करता येणारी ही तपासणी महागड्या चाचणीहून निकृष्ट ठरली नाही, हे आपल्या तालुक्याच्या लहान रुग्णालयांना धीर देणारे आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तिला स्थान मिळाले.

मग निर्णय कशावर घ्यायचा? येथे एक घटना स्मरते. पोप जॉन पॉल दुसरे २००५ सालच्या २ एप्रिलला निवर्तले, तेव्हा त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात कारण लिहिले गेले ते सेप्टिक शॉक आणि हृदय व रक्ताभिसरण कोलमडणे. दोन दिवस आधी मूत्रमार्गाच्या संसर्गातून त्यांना तीव्र ताप भरला होता. त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवले गेले नाही. त्यांच्या इच्छेनुसार व्हॅटिकनमधील निवासातच उपचार झाले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, कंपवाताने वर्षानुवर्षे झिजलेले होते. पोप पायस बारावे ह्यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते, की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे; परिस्थितीच्या मानाने फार मोठे ओझे ठरणाऱ्या असाधारण उपायांचे बंधन नाही. कोणता उपाय कोणासाठी साधारण, हे ठरवताना रुग्णाचे वय, जुने दुखणे, त्याची स्वतःची इच्छा आणि घरच्यांचे बळ हे सारे पाहावे लागते. रक्तातला आकडा ह्या विचारविनिमयात साक्षीदार म्हणून अवश्य बसावा. न्यायाधीशाची खुर्ची त्याला देऊ नये.

बंधू अकराव्या दिवशी अतिदक्षता विभागातून बाहेर आले. जगले, पण पूर्वीसारखे उरले नाहीत. पोटरीचे स्नायू गेले, काठी आली, रात्री दचकून उठण्याची सवय जडली. सहा महिने कोयता हाती धरता आला नाही. सेप्सिसमधून उठलेल्या अनेकांना असा अशक्तपणा दीर्घकाळ सोसावा लागतो. त्याची पूर्वसूचना आमच्या हाती आलेल्या कोणत्याही कागदावर नव्हती. त्या काळात उपयोगी पडले ते वहिनींचे हात, रोज येऊन व्यायाम करवून घेणारा शेजारचा तरुण आणि वाडीची कामे आपापसांत वाटून घेणारे गावकरी.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे थोडके आहे. तुमच्यावर तशी वेळ आली तर डॉक्टरांना "आकडा किती?" एवढेच विचारून थांबू नका. कालच्यापेक्षा आज तो कुठल्या बाजूला आहे, विचारा. तो चढण्याला दुसरे काही कारण असू शकते का, विचारा. संसर्गाचे मूळ काढून टाकले आहे का, विचारा. कोणते अवयव अजून थकलेले आहेत आणि रुग्ण जगला तर कसा जगेल, हेही धीर करून विचारा. पहिल्याच कागदावर निवाडा करू नका, आणि चांगल्या कागदावर पैज लावू नका.

२०१७ सालच्या जगभरच्या मोजणीत सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू धरले गेले. जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. ह्यांतील पुष्कळ रुग्ण वेळेवर पोचले असते तर वाचले असते. शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला तासाभरात प्रतिजैविक मिळावे असे शास्त्र सांगते; तो तास रुग्णालयाच्या दारात सुरू होतो, पण त्याआधीचे तास आपल्या घरात गेलेले असतात. जखम झालेली, ताप आलेला किंवा नुकतीच बाळंत झालेली घरातली व्यक्ती भरभर श्वास घेऊ लागली, असंबद्ध बोलू लागली, तिची लघवी कमी झाली, हातपाय गार आणि ठिपकेदार दिसू लागले, तर ताप उतरला म्हणून स्वस्थ बसू नये, सकाळची वाटही पाहू नये. रक्ताची साक्ष रुग्णालयात पोचल्यावरच सुरू होते. त्याआधीची साक्ष आपल्याच डोळ्यांनी द्यायची असते.